दोन नोंदवह्या शेजारी ठेवा : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तपासणीची कृती

साहेब येणार असा निरोप आला की आदल्या संध्याकाळी केंद्राच्या फरशीवर फिनेल पडते. लेबर रूमच्या खाटेवर घडी न मोडलेली चादर येते आणि बाहेरच्या नळाला त्या दिवसापुरते पाणीही येते. साहेब भिंतीवरचे तक्ते वाचतात, चहा घेतात, भेटवहीत 'कामकाज समाधानकारक' असा शेरा मारून पुढच्या केंद्राकडे निघतात. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षे अशाच भेटी केल्या. फक्त मी साहेब नव्हतो आणि माझा शेरा 'असमाधानकारक' असायचा. दोन्ही शेऱ्यांचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य.

डोळ्यांना दिसते ते एका रात्रीत बदलता येते. वर्षभराच्या नोंदी एका रात्रीत बदलणे कठीण, कारण एकाच घटनेची नोंद दोन-तीन ठिकाणी होते आणि त्या वह्या वेगवेगळ्या माणसांच्या कपाटात असतात. खाली दिलेली कृती सगळी याच एका गोष्टीवर उभी आहे. कोणतीही नोंदवही एकटी वाचायची नाही, तिच्या शेजारी दुसरी ठेवायची.

असले काम गावकऱ्यांनी करायचे का, असे कोणी विचारले तर दोन दाखले द्यावेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावसमित्यांनी केंद्रांना गुण दिले आणि जनसुनवाया भरवल्या. दुसरा दाखला कॅगचा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य सुविधा आणि आरोग्यसेवांचे व्यवस्थापन यांची २०१६-१७ ते २०२१-२२ या वर्षांची त्यांनी केलेली तपासणी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात विधिमंडळापुढे आली. माणसे किती, औषधे कधी मिळाली, यंत्रे चालतात का, पैसे कुठे गेले, हेच प्रश्न त्यातही आहेत. आपण ते एका केंद्रापुरते विचारायचे.

आधी घरी बसून

केंद्र कोणाच्या ताब्यात आहे ते पहिल्यांदा ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रे जिल्हा परिषदेची. त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तर मंत्रालयातल्या वेगळ्याच खात्याचे. केंद्रातल्या डॉक्टरांबद्दलचे निवेदन शल्यचिकित्सकांना देऊन सहा महिने उत्तराची वाट पाहणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. उत्तर येणार कुठून?

मग लोकसंख्येचा हिशेब. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांप्रमाणे सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,०००. सरकारी कागदावर अजून २०११ ची जनगणना चालते. म्हणून आरोग्य सेविकेच्या वार्षिक सर्वेक्षणातला आकडा शेजारी लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या कुटुंबांची नोंद वेगळी ठेवा, कारण कारखान्याच्या हंगामात काही केंद्रांवरचा भार एकदम वाढतो आणि मंजूर पदे मात्र तेवढीच राहतात.

चमू पाच-सहा जणांचा पुरे. हिशेब कळणारा एक निवृत्त शिक्षक, बाळंतिणींशी मोकळेपणाने बोलू शकणाऱ्या दोन बायका, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा एखादा सदस्य, आणि एक जण फक्त लिहायला. त्याच केंद्राच्या आशाताईंना चमूत घेऊ नका. त्यांना सगळ्यात जास्त माहीत असते हे खरे, पण त्यांच्या मोबदल्याच्या कागदावर त्याच केंद्रातून सही होते. त्यांच्याशी बोलायचे ते त्यांच्या घरी, आणि त्यांचे नाव कुठेही न लिहिता.

केंद्रावर धडकू नका. आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या किंवा रुग्ण कल्याण समितीच्या पत्रावर वैद्यकीय अधिकाऱ्यांना तारीख कळवा. फिनेल पडेल, पडू द्या. आपल्याला त्याचे काही नाही. नोंदी दाखवायला नकार मिळाला तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहेच. त्यात प्रती मागता येतात, तसे प्रत्यक्ष बसून दप्तर पाहण्याचा हक्कही मागता येतो. अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. मात्र काय मागायचे नाही तेही आधी ठरवा. गर्भपाताची प्रवेश नोंदवही कायद्याने गोपनीय आहे. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या याद्यांतली नावे आपल्या कामाची नाहीत. रुग्णाच्या नावाच्या पानाचा फोटो कोणीही काढायचा नाही, हे चमूला निघण्यापूर्वी दोनदा सांगा.

पहिला दिवस : औषधांची खोली

सकाळी ओपीडीची गर्दी असते तेव्हा डॉक्टरांना अडवू नका. थेट औषध निर्माण अधिकाऱ्याकडे जा.

सगळी औषधे मोजण्याच्या फंदात पडू नका, दहा निवडा. माझी यादी अशी : पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, अमॉक्सिसिलिन, लोहगोळ्या, रक्तदाबाची अॅमलोडिपिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन, ऑक्सिटोसिन, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि श्वानदंशावरची लस. या दहांत ताप, जुलाब, बाळंतपण, जुने आजार आणि रात्री-अपरात्रीची धावपळ असे सगळे येऊन जाते.

प्रत्येक औषधाला तीन प्रश्न. पहिला, वहीतली शिल्लक आणि फळीवरची शिल्लक जुळते का? समजा, पॅरासिटामॉलची आरंभीची शिल्लक ४,२००, वर्षात आलेल्या १०,००० आणि वाटलेल्या ११,६००. फळीवर २,६०० गोळ्या हव्यात. मोजल्या आणि २,१५० भरल्या, तर ४५ पट्ट्या कमी. लगेच चोरी म्हणू नका. बहुतेक वेळा त्या पट्ट्या वाटपाच्या खिडकीतल्या ड्रॉवरमध्ये किंवा उपकेंद्राकडे गेलेल्या निघतात आणि नोंद राहिलेली असते. विचारा, ड्रॉवर उघडायला सांगा, उपकेंद्राची वही मागवा. तरीही हिशेब लागला नाही तर 'हिशेब लागला नाही' एवढेच लिहा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : औषध किती दिवस नव्हते? आज फळी भरलेली असेल, पण साठा वहीत शिल्लक शून्य झाल्याची तारीख आणि पुढचा माल आल्याची तारीख शोधा. शून्य ११ जूनला आणि माल २९ जुलैला आला असेल तर केंद्र ४८ दिवस रिकामे होते. आता ओपीडीचे रजिस्टर शेजारी ठेवा आणि त्या ४८ दिवसांतली पाने उलटा. रक्तदाबाचे रुग्ण रिकाम्या हाताने गेले, की बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, की औषध नसताना दिल्याची नोंद झाली? मला हे तिन्ही प्रकार भेटले आहेत. तिसरा भेटला तेव्हा लिहिणारी परिचारिका आम्हांला म्हणाली, "दादा, सवयीने लिहिलं जातं." मला ते खोटे वाटले नाही. पण त्या सवयीमुळे जिल्ह्याच्या अहवालात गोळ्यांची टंचाई कधी दिसलीच नव्हती.

याच ठिकाणी मागणीपत्रांची फाइल मागा. केंद्राने मागणी केव्हा केली? शून्य होण्याच्या दोन महिने आधी मागणी गेली असेल तर दोष जिल्हा भांडाराचा किंवा खरेदीचा. शून्य झाल्यावर आठवड्याने गेली असेल तर केंद्राचा. एवढ्या एका तारखेवरून कोणाशी बोलायचे ते ठरते.

तिसरा प्रश्न मुदतीचा. आधी मुदत संपणारी खोकी पुढे आणि नंतरची मागे लावलेली आहेत का ते पाहा. मुदत संपलेली औषधे वेगळ्या खोक्यात, यादीसह असली तर ती शिस्त समजा आणि केंद्राला गुण द्या. एकही मुदतबाह्य गोळी नाही असे कोणी छातीठोक सांगू लागला तर मागच्या दाराचा खड्डा बघून या.

आणि एक प्रश्न वहीबाहेरचा : रात्री या खोलीची किल्ली कोणाकडे असते? सर्पदंशावरचे प्रतिविष फळीवर असणे आणि मध्यरात्री दोन वाजता ते रुग्णाच्या शिरेत जाणे यांमध्ये ती किल्ली असते.

लसींचा फ्रीज

आयएलआर म्हणतात तो लसींचा फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे. तापमान रोज दोनदा नोंदवायचे असते, सुट्टीच्या दिवशीही. म्हणून मी तक्ता हातात आला की आधी रविवार पाहतो, मग दिवाळीचा आठवडा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, ४-४-५-४ अशा सुतासारख्या ओळीत असतील तर त्या एका बैठकीत भरलेल्या असू शकतात. खात्रीसाठी गावातल्या कोणालाही वीज कधी गेली होती ते विचारा. गावाला मोठी लोडशेडिंग पाठ असते. त्या दिवशीचा तक्ता, जनरेटरची लॉगबुक आणि डिझेलची पावती एकत्र ठेवा. वीज नऊ तास नव्हती, जनरेटर चालल्याची नोंद नाही आणि तापमान चार अंशांवरून हललेले नाही, असे दिसले तर पुढचा प्रश्न केंद्रातल्या माणसांनाच विचारू द्या.

झाकण फार वेळ उघडे ठेवायला लावू नका. एवढेच पाहा की गोठल्याने खराब होणाऱ्या पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी वरच्या टोपलीत आहेत, तळाला टेकलेल्या नाहीत. कुपीवरच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. आणि फ्रीजमध्ये कोणाची पाण्याची बाटली किंवा डबा नाही ना, तेही.

माणसे

मंजूर, भरलेली, रिक्त असा तीन रकान्यांचा तक्ता भिंतीवर असतो. त्याला चौथा रकाना जोडा : आज कुठे आहेत. भरलेल्या पदावरचा माणूस प्रतिनियुक्तीवर तालुक्याला, प्रशिक्षणाला किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात संगणकावर बसलेला असू शकतो. पगार इथे, काम तिथे. मस्टर आणि हालचाल नोंदवही शेजारी ठेवली की हे दहा मिनिटांत कळते. कंत्राटी माणसांची यादी वेगळी करा आणि त्यांचा पगार किती महिने थकला आहे ते विचारा. हा प्रश्न विचारणारे आपण बहुधा पहिलेच असतो, आणि तो विचारल्यावर केंद्रातल्या माणसांचा सूर बदलतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दोन पदांपैकी एक रिकामे असेल तर उरलेल्या डॉक्टरने चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस हजर राहावे ही अपेक्षा अहवालात लिहू नका. ती अमानुष आहे. रिक्त पद किती दिवस रिक्त आहे ते लिहा. निवासस्थाने पाहायला मात्र विसरू नका. छत गळणाऱ्या क्वार्टरमध्ये मुलाबाळांसह कोण राहील? मुख्यालयी न राहणाऱ्या सिस्टरवर सभेत ओरडणाऱ्या किती जणांनी त्या क्वार्टरचे न्हाणीघर पाहिले असेल, देव जाणे.

दुसरा दिवस : लेबर रूम आणि बाळंतिणींची घरे

लेबर रूममध्ये यंत्रांची यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्र सुरू करून दाखवायला सांगा. सक्शन मशीन, ऑटोक्लेव्ह, बाळाला ऊब देणारा रेडिएंट वॉर्मर, ऑक्सिजन. नवजात बाळाची अंबू बॅग आणि तिचा छोटा मास्क एकाच जागी आहेत का पाहा. जडसंग्रह नोंदवहीत वॉर्मर 'चालू' असतो, म्हणजे तो आला त्या दिवशी चालू होता. एका केंद्रात आम्हांला वॉर्मर प्लॅस्टिकच्या वेष्टणात सापडला. कारण विचारले तर त्याचा प्लग जाड पिनांचा आणि भिंतीतले सॉकेट बारीक पिनांचे. यंत्र आणि बाळ यांच्यामध्ये फक्त वीजतंत्र्याचा अर्धा तास आडवा होता, पण तो अर्धा तास कोणाच्या अधिकारात बसतो हे वर्षभर ठरले नव्हते.

मग प्रसूती नोंदवहीतल्या शेवटच्या वीस बाळंतपणांपैकी दर दुसरे घ्या, म्हणजे दहा. निवड आपण करायची, केंद्राने सुचवलेल्या नावांची नाही. त्या घरी फक्त बायकांनी जावे, शक्यतो दुपारी, सासू-नवऱ्याच्या पहाऱ्याबाहेर बोलता येईल अशा वेळी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत जेवण, घरून केंद्रात, केंद्रातून वरच्या रुग्णालयात आणि परत घरी जाण्याचे वाहन, हे सगळे मोफत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा "पैसे घेतले का?" असे विचारू नका, उत्तर 'नाही' येते. "बाळ झाल्यावर खुशालीचे किती दिले?" असे विचारा. जेवणाबद्दल "जेवण मिळालं का?" यापेक्षा "दुसऱ्या दिवशी सकाळी काय खाल्लं?" हा प्रश्न बरा. घरच्या डब्याची आठवण लगेच निघते. मग केंद्रातली आहाराची बिले शेजारी ठेवा.

किती तासांनी घरी सोडले, हेही विचारा. नोंदवहीत ४८ तास असतात. बाई सांगते, "सकाळी बाळ झालं, दिवेलागणीला घरी आले." यात कधी केंद्राचा दोष असतो, कधी घरी दोन लेकरे वाट पाहत असतात. दोन्ही लिहा.

रुग्णवाहिकेचा मेळ अगदी सोपा. संदर्भसेवेची वही आणि वाहनाची लॉगबुक घ्या. ग्रामीण रुग्णालय ३२ किलोमीटरवर आणि महिन्यात ११ रुग्ण पाठवलेले, तर जाऊन-येऊन ७०४ किलोमीटर. लॉगबुकात १,४५० असतील तर उरलेल्या फेऱ्या लसी आणणे, बाळंतिणींना पोचवणे, शिबिरे यांत बसतात का ते पाहा. उलट प्रकारही असतो : रुग्ण पाठवल्याची नोंद आहे, पण त्या दिवशी वाहन जागचे हललेले नाही. मग तो रुग्ण कोणाच्या जीपने गेला आणि भाडे किती पडले, हे त्याच्या घरीच कळते.

कचरा, पाणी, आग

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी वर्गवारी सांगतात आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू देत नाहीत. डबे रंगीत आहेत का हे पाहण्यात वेळ घालवू नका. कचरा नेणाऱ्या गाडीच्या पावत्यांच्या तारखा पाहा. आठवड्याने एकदा गाडी येत असेल तर डबे कितीही रंगीत असोत, नियम मोडला. पाण्यासाठी फक्त लेबर रूमचा नळ उघडा आणि मे महिन्यात टँकरचे पैसे कुठून दिले ते विचारा.

आगीचा भाग मात्र घाईने उरकू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ जण दगावले. त्यानंतर 'फायर ऑडिट झाले आहे का?' या प्रश्नाला सगळीकडे 'हो' मिळते. तो अहवालच मागा. त्यात सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी किती झाल्या आणि उरलेल्यांचे अंदाजपत्रक कोणत्या टेबलावर आहे? आग विझवायच्या सिलिंडरवरची भरण्याची तारीख वाचा, मग रात्रपाळीच्या सिस्टरला ते कसे वापरायचे ते दाखवायला सांगा. मागचे दार आतून कुलूपबंद असेल तर तिथल्या तिथे उघडून घ्या. याला अहवालाची गरज नाही.

पैसे

रुग्ण कल्याण समितीचे इतिवृत्त आणि रोकडवही. बैठकांची तारीख, सह्या आणि त्या दिवशी खरेदी मंजूर झाल्याचा ठराव पाहा. निधी मार्चमध्ये येऊन मार्चमध्येच संपला असेल तर तो कशावर गेला हे सांगायला फार हुशारी लागत नाही : रंग, फलक, पडदे. पण निधीच २० मार्चला आला असेल तर केंद्राला बोल लावू नका. बँकेच्या पुस्तकातली जमा तारीख लिहून घ्या. तीच वरच्या कार्यालयाला विचारायची आहे.

गुण आणि वाटणी

राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची पद्धत आपल्याला पुरते : पूर्ण असेल तर २, अर्धवट असेल तर १, नसेल तर ०. त्याच मानकांत पुरावा मिळवायचे चार मार्ग आहेत, पाहणी, कर्मचाऱ्यांशी बोलणे, नोंदी आणि रुग्णांशी बोलणे. आमचा नियम असा की चारांपैकी निदान दोन मार्गांनी कळल्याशिवाय ० लिहायचे नाही, आणि २ सुद्धा नाही.

त्यानंतरचे काम बहुतेक चमू टाळतात, आणि माझ्या मते अर्धी तपासणी त्यातच आहे. सापडलेली प्रत्येक गोष्ट ती कोण दुरुस्त करू शकतो त्याच्या नावाखाली लिहायची. चार कागद घ्या. पहिल्यावर केंद्राने आठवड्यात करायच्या गोष्टी : किल्ली, सॉकेट, रविवारचे तापमान. दुसऱ्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या : प्रतिनियुक्त्या, उपकेंद्रांच्या भेटी. तिसऱ्यावर जिल्हा परिषदेच्या : औषधांचा पुरवठा, इमारत दुरुस्ती, क्वार्टर. चौथ्यावर आरोग्य उपसंचालक आणि मंत्रालयाच्या : रिक्त पदे, खरेदी, थकलेले मानधन. आमच्या अनुभवात पहिला कागद सगळ्यांत छोटा निघतो. तरी सभेत शिव्या खातो तो पहिल्याच कागदावरचा माणूस, कारण तो समोर बसलेला असतो.

म्हणून अहवाल पहिल्यांदा वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच वाचून दाखवा, दार लावून. चुकीचे काही असेल तर ते तिथे दुरुस्त होते आणि त्यांच्याकडचा एखादा कागद आपल्या बाजूने बाहेर येतो. आम्हांला मागणीपत्रांच्या सात स्मरणपत्रांची फाइल अशीच मिळाली. मग ग्रामसभा, आणि त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणी जनसुनवाई. जनसुनवाईत भाषणे नकोत. ज्याचा कागद त्याच्यापुढे ठेवायचा, तारीख विचारायची आणि ती तारीख सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून इतिवृत्तात घालायची.

तीन महिन्यांनी तीच माणसे, तोच तक्ता आणि तक्त्यात एक नवा रकाना. निघताना मोठ्या पिनांचा एक प्लग खिशात ठेवा आणि केंद्रात शिरल्यावर पहिल्यांदा लेबर रूमच्या भिंतीकडे जा.